पी-५३ प्रथिन व यकृताचा कर्करोग

कोशिकांच्या (पेशींच्या) विभाजनाचे नियमन करणारे एक प्रथिन आणि त्यातील बिघाडाचा यकृताच्या कर्करोगाशी असलेला संबंध. हे प्रथिन ३९३ ॲमिनो अम्लांच्या साखळीचे बनलेले असून त्याचे जनुक मानवाच्या सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर असते. त्याचा रेणुभार प्रथम ५३,००० मानला गेला व त्यावरून हे नाव पडले. प्रत्यक्षात तो सु. ४४,००० आहे. यकृत्‌-कोशिकांतूनच उद्‌भवणाऱ्या प्राथमिक कर्करोगाच्या अभ्यासात या प्रथिनाला विशेष महत्त्व आहे. कारण रोग कशामुळे झाला याची खूण काही रुग्णांत त्याच्या जनुकावरच उमटलेली आढळते.

इतिहास : लंडनमध्ये डेव्हिड लेन व लायोनेल क्रॉफर्ड आणि अमेरिकेत डॅनिएल लिंझर व आर्नल्ड लेव्हिन यांनी १९७९ मध्ये स्वतंत्रपणे या प्रथिनाचे वर्णन केले. माकडातील एका व्हायरसाच्या प्रथिनाला ते चिकटलेले आढळले. हा व्हायरस प्राण्यांत अर्बुदे (गाठी) निर्माण करतो व अर्बुदांच्या कोशिकांत पी-५३ विपुल असते, म्हणून ते कर्करोगाला चालना देणारे असावे, असा समज झाला. १९८४ मधील प्रयोगांनी या समजाला पुष्टी मिळाली. तथापि त्या प्रयोगांत वापरलेली जनुके मुळातच उत्परिवर्तित (आनुवंशिक बदल झालेली) होती, हे नंतर उघड झाले. १९८९ मध्ये लेव्हिन यांच्या गटाने निर्दोष पी-५३ कोशिकांचे कर्करोगी रूपांतर रोखते, असे दाखविले. त्याच वर्षी बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटाला मोठ्या आतड्याच्या कर्करोगात त्याचे जनुक नष्ट वा विकृत झालेले आढळले. अशा रीतीने दहा वर्षे आरोपी मानले गेलेले प्रथिन वस्तुतः रक्षक ठरले.

कार्य : निरोगी कोशिकेत पी-५३ अत्यल्प असते. एमडीएम-२ हे दुसरे प्रथिन त्याला सतत विघटनाकडे पाठविते. डीएनएला इजा झाली की, हे विघटन थांबते आणि पी-५३ चा साठा वाढतो. त्याचे चार रेणू एकत्र येऊन डीएनएच्या ठराविक भागांना चिकटतात व इतर जनुकांना कार्यान्वित करतात. त्यांपैकी पी-२१ या प्रथिनाच्या जनुकामुळे विभाजन थांबते व दुरुस्तीला अवसर मिळतो (१९९३). इजा गंभीर असल्यास कोशिका स्वतःचा नाश करून घेते किंवा तिची विभाजनक्षमता कायमची संपते. पी-५३ निकामी झाल्यास ही तिन्ही बंधने सैल होतात आणि सदोष डीएनए असलेल्या कोशिका वाढत राहतात.

अफ्लाटॉक्सिनाची खूण : १९६० मध्ये इंग्लंडमध्ये सु. एक लाख टर्की पक्षी यकृताच्या विकाराने मेले. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलमधून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ॲस्परजिलस फ्लेव्हस या कवकाचे (बुरशीचे) विष सापडले. कवकाच्या नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. भारतात १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा व गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी आलेला मका खाल्ल्याने कावीळ व जलोदर होऊन शंभरावर माणसे दगावली. ती तीव्र विषबाधा होती. अल्प मात्रा वर्षानुवर्षे पोटात गेल्यास मात्र कर्करोगाचा धोका संभवतो.

यकृतातील एंझाइमे या विषाचे क्रियाशील रूप बनवितात व ते डीएनएमधील ग्वानीन या घटकाला चिकटते. पुढील विभाजनाच्या वेळी ग्वानिनाच्या जागी थायमीन येऊ शकते. १९९१ मध्ये चीनमधील चिदोंग येथील १६ अर्बुदांच्या तपासणीत ८ अर्बुदांत पी-५३ च्या जनुकात २४९ व्या स्थानी असाच बदल आढळला. दक्षिण आफ्रिकेच्या परिसरातील रुग्णांतही मेहमेत ओझतुर्क व सहकाऱ्यांना तो दिसला. त्यामुळे तेथे आर्जिनिनाऐवजी सेरीन येते व प्रथिनाची डीएनएला चिकटण्याची क्षमता ढळते. अफ्लाटॉक्सिन विरळ असलेल्या पाश्चात्त्य देशांत हे उत्परिवर्तन क्वचितच आढळते.

व्हायरसाचा सहभाग : वरील प्रदेशांत यकृतशोथ-ब या रोगाचा व्हायरसही मोठ्या प्रमाणावर असल्याने दोन्ही कारणे वेगळी करणे अवघड होते. शांघायमधील १८,२४४ पुरुषांच्या पाहणीत (१९९४) केवळ अफ्लाटॉक्सिनाने धोका सु. तिप्पट, केवळ व्हायरसाने सु. सातपट, तर दोन्ही एकत्र असता जवळजवळ साठपट वाढलेला दिसला. व्हायरसाच्या दीर्घ संसर्गात यकृत्‌-कोशिका मरून पुन्हा पुन्हा विभाजित होतात. त्यामुळे विषाने झालेला बदल कायम होण्यास अधिक वाव मिळतो. शिवाय व्हायरसाचे एक्स हे प्रथिन पी-५३ ला चिकटून त्याचे कार्य मंदावते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे.

उपचार व प्रतिबंध : २००७ मध्ये स्कॉट लो व सहकाऱ्यांनी उंदरांच्या यकृतातील अर्बुदांत पी-५३ पुन्हा कार्यान्वित केले. तेव्हा कोशिकांचे विभाजन थांबले आणि शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने अर्बुदे नाहीशी केली. मात्र मानवी यकृताच्या कर्करोगासाठी हे प्रथिन पूर्ववत करणारे औषध नेहमीच्या उपचारांत अद्याप आलेले नाही. तसेच सर्वच रुग्णांत या जनुकाचे उत्परिवर्तन नसते. साधारण एकतृतीयांश अर्बुदांतच ते सापडते.

म्हणून कारणांचे निवारण महत्त्वाचे ठरते. चिदोंगमध्ये मक्याची जागा तांदळाने घेतल्यावर अफ्लाटॉक्सिनाचे सेवन घटले व कालांतराने यकृताच्या कर्करोगाने होणारे मृत्यूही घटले. तैवानमध्ये १९८४ मध्ये नवजात अर्भकांना यकृतशोथ-ब प्रतिबंधक लस देण्यास प्रारंभ झाला. त्यानंतर मुलांमधील या कर्करोगाचे प्रमाण सु. निम्म्यावर आले (१९९७). भारतातही ही लस २०११ पासून देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात समाविष्ट आहे. मका व भुईमूग काढणीनंतर चांगले वाळवून कोरड्या जागी साठविणे हा दुसरा उपाय होय. बिघडलेले पी-५३ दुरुस्त करण्यापेक्षा ते बिघडू न देणे आज अधिक साध्य आहे.