प्रबंधाची रूपरेषा : एका विद्यापीठीय दंडकाचा इतिहास

पीएच. डी. पदवीच्या उमेदवाराकडून प्रबंधापूर्वी विद्यापीठ मागते ती प्रबंधाची रूपरेषा होय. विषयाचे शीर्षक, त्यावर आजवर झालेले कार्य, संशोधकाचा प्रश्न, साधने, अभ्यासपद्धती आणि संकल्पित प्रकरणे एवढ्या गोष्टी तीत मोजक्या पानांत मांडाव्या लागतात. पुष्कळ विद्यार्थी या कागदाकडे कचेरीतील एक उपचार म्हणून पाहतात. ही दृष्टी कितपत योग्य आहे, हे ठरविण्यासाठी या दंडकाचा पूर्वेतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

युरोपातील जुन्या विद्यापीठांत पदवी वादसभेत मिळत असे. काही विधाने अगोदर प्रसिद्ध केली जात आणि उमेदवाराने भरसभेत त्यांचे मंडन करावयाचे असे. अठराव्या शतकातही जर्मन विद्यापीठांतील छापील प्रबंध अनेकदा अध्यक्षस्थानी बसणाऱ्या प्राध्यापकाने लिहिलेला असे. विद्यार्थ्याची कसोटी लेखनात नसून मंडनात होती. अशा व्यवस्थेत ‘तुम्ही नवे काय शोधणार ?’ हा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. १८१० मध्ये बर्लिनचे विद्यापीठ सुरू झाले आणि अध्यापन व संशोधन ही एकाच संस्थेची कर्तव्ये होत, हा विचार पुढील काळात जर्मनीत रुजला. प्रबंध उमेदवाराने स्वतः लिहावा व त्याने ज्ञानात काही भर घालावी, ही अपेक्षा त्याबरोबर दृढ झाली. जर्मनीत शिकून परतलेल्या विद्वानांनी ती अमेरिकेत नेली. येल विद्यापीठाने १८६१ मध्ये त्या देशातील पहिल्या तीन पीएच. डी. पदव्या दिल्या. इंग्लंडने या बाबतीत दीर्घकाळ अनास्था दाखविली. ऑक्सफर्डने ही पदवी १९१७ मध्ये स्वीकारली.

नावीन्याची अट आली, तिच्यातच रूपरेषेचे बीज होते. ‘नवे’ ठरविण्यासाठी ‘जुने’ काय आहे हे आधी सांगावे लागते, आणि ‘भर’ घालावयाची तर कोठे घालावयाची ती जागा दाखवावी लागते.

ही जागा दाखविणे म्हणजे काय, याचे एक ठळक उदाहरण आपल्याजवळचे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ मध्ये त्यांनी तेथे सादर केलेल्या प्रबंधाचा विषय हिंदुस्थानचा राष्ट्रीय लाभांश हा होता. पुढे १९२५ मध्ये त्यांचा जो ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा विषय ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेची उत्क्रांती हा होय. त्याला प्रा. सेलिग्मन यांची प्रस्तावना आहे. या ग्रंथाच्या छापील प्रती दाखल झाल्यावर १९२७ मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच. डी. दिली. दोन्ही शीर्षके शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्याचा आवाका साऱ्या देशाच्या उत्पन्नाएवढा; दुसऱ्यात साम्राज्य सरकार व प्रांत यांच्या आर्थिक संबंधांचा एक निश्चित प्रश्न. त्या प्रश्नाला कालमर्यादाही आहे : १८३३ पासून केंद्रीभूत झालेल्या कारभारात त्याचा आरंभ, तर १९१९ च्या सुधारणा कायद्याने घडविलेल्या व्यवस्थेत त्याचा शेवट. मधल्या काळाचे टप्पे लेखकाने राजांच्या किंवा व्हाइसरॉयांच्या नावांनी पाडलेले नाहीत. प्रांतांना १८७१ पासून ठरीव रक्कम, १८७७ पासून नेमून दिलेली उत्पन्ने, आणि १८८२ पासून उत्पन्नांत वाटा, या क्रमाने प्रकरणे येतात. म्हणजे प्रकरणांची विभागणी प्रश्नातूनच निघालेली आहे. रूपरेषेचे मर्म ते हेच.

आपल्याकडे मात्र हा दंडक उशिरा आला. १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ लंडनच्या धर्तीवर परीक्षा घेणारे होते. अध्यापन आपल्या अंगावर घेण्याचा अधिकार विद्यापीठांना १९०४ च्या कायद्याने दिला. या मधल्या काळात महाराष्ट्रातील इतिहाससंशोधन विद्यापीठाच्या बाहेर वाढले. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. गावोगावची दप्तरे धुंडाळणाऱ्या या मंडळींनी कोणत्याही समितीपुढे रूपरेषा ठेवली नव्हती, आणि त्यांच्या कार्यावाचून मराठ्यांच्या इतिहासावरील आजचा प्रबंध लिहिता येणार नाही.

येथे खरा आक्षेप उभा राहतो. दप्तर सोडल्याशिवाय त्यात काय आहे हे कळत नाही; मग निष्कर्षाची दिशा आधी कशी सांगावी ? आक्षेप वजनदार आहे, परंतु त्याचे उत्तरही राजवाड्यांच्याच उद्योगात आहे. साधने गोळा करणे हे एक कार्य, त्यांना प्रश्न विचारणे हे दुसरे. पहिले कार्य आयुष्यभर चालू शकते. प्रबंधाला मुदत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी ती सर्वसाधारणपणे किमान तीन व कमाल सहा वर्षे ठरविली असून पुढे दोन वर्षांची वाढ देता येते. त्याच विनियमांनुसार संशोधन सल्लागार समिती रूपरेषेचे परीक्षण करून विषय निश्चित करते, आणि उमेदवाराने दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडावयाची असते. या दुसऱ्या तरतुदीकडे दुर्लक्ष होऊ नये. प्रगतीचा आढावा वारंवार घ्यावयाचा, याचा अर्थ पहिला आराखडा शेवटचा नव्हे, हे नियमांनीही गृहीत धरले आहे.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. विद्यार्थ्याने रूपरेषा लिहिण्यापूर्वी निदान काही मूळ कागद स्वतः पाहिलेले असावेत; इतरांच्या ग्रंथसूचीवरून रचलेली रूपरेषा पहिल्याच दप्तराशी कोसळते. आणि समितीने कागदांच्या साक्षीने बदललेला प्रश्न हा उमेदवाराचा दोष मानू नये. वादसभेच्या काळात विद्यार्थी पुष्कळदा दुसऱ्याच्या विधानाचे मंडन करी. मार्गदर्शकाने सुचविलेले शीर्षक विचार न करता उतरवून घेणारा आजचा विद्यार्थी नकळत त्याच काळात परत जातो. हा प्रश्न माझा आहे, असे सही करून सांगण्याची पहिली संधी त्याला रूपरेषेतच मिळते.