नवरा गोव्याचा, बाग सावंतवाडीत. मागे राहिलेल्या पत्नीचा हिस्सा किती?

दोडामार्ग, सावंतवाडी तालुक्यांची पेडणे, डिचोलीशी सोयरीक जुनीच. घर गोव्यात आणि काजूची बाग सिंधुदुर्गात, अशी कुटुंबं बरीच. घरातला कर्ता पुरुष गेला की प्रश्न उभा राहतो : पत्नीला किती मिळणार? ‘जमीन महाराष्ट्रात, म्हणजे कायदाही महाराष्ट्राचाच’ असं गावात सर्रास सांगितलं जातं. ते नेहमीच खरं नसतं.

गोव्याचा नियम
गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू होती. वारसाहक्काच्या तरतुदी आता गोव्याच्या 2012 च्या कायद्यात आहेत. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते, वडिलोपार्जित मिळालेलीसुद्धा. म्हणजे अर्धा वाटा पत्नीचा आधीपासूनच असतो. पती वारल्यावर वाटणी होते ती फक्त त्याच्या अर्ध्याची आणि त्यावर पहिला हक्क मुलांचा.

महाराष्ट्रात काय?
इथे हिंदू कुटुंबांना 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली आणि पतीची आई यांना समान हिस्से मिळतात. ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

फरक किती पडतो?
समजा बाग 20 लाखांची, मागे पत्नी आणि दोन मुलं. सासू हयात नाही. गोव्याच्या नियमाने पत्नीचे 10 लाख, मुलांचे 5-5 लाख. महाराष्ट्राच्या नियमाने तिघांना प्रत्येकी सुमारे 6 लाख 66 हजार.

कोणता कायदा लागणार?
मुंबईतील एका मालमत्तेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 13 सप्टेंबर 2019 रोजी निकाल दिला : गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीची मालमत्ता भारतात कुठेही असो, वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागेल. म्हणून आधी पाहायचं ते मृत व्यक्तीचा अधिवास कुठला होता. नुसती गोव्यात नोकरी होती, एवढ्यावर अधिवास ठरत नाही. कायम राहण्याचा इरादाही लागतो.

काय करावं?
- मृत्यू दाखला, विवाह नोंदणीचा दाखला, लग्नाआधीचा करार असल्यास त्याची प्रत, अधिवासाचे पुरावे, सातबारा आणि गोव्यातला एक-चौदाचा उतारा एकत्र ठेवा.
- सिंधुदुर्गातील जमिनीसाठी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्या.
- फेरफार म्हणजे मालकीचा निकाल नव्हे. ती महसुली नोंद आहे. नाव लागलं नाही म्हणून हक्क बुडत नाही.
- गोव्यात वारस आणि वाटे ठरवण्यासाठी दिवाणी न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही होते.
- हक्कसोडपत्रावर घाईने सही करू नका. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत पुढे केलेल्या कागदावर सही झाली, तर अर्ध्या वाट्यावर पाणी सोडावं लागू शकतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.