शुश्रूषेच्या शाळेचा उंबरठा

कोणत्याहि विद्येची समाजांतील किंमत त्या विद्येच्या शाळेंत काय शिकवितात यावरून जशी कळते, तशीच त्या शाळेंत कोणाला घेतात आणि कोणाला दारावरून परत पाठवितात यावरूनहि कळते. रोग्याची शुश्रूषा मनुष्यजातीइतकी जुनी आहे. तिची पद्धतशीर शाळा मात्र एकोणिसाव्या शतकांतली. त्या शाळेंत प्रवेश मिळविण्याच्या अटी देशपरत्वें व काळपरत्वें बदलत गेल्या. प्रथम लंडन, मग अमेरिकेंतील बोस्टन आणि शेवटीं आपलें पुणें, अशा तीन दारांशीं थोडें थांबून पाहिलें, तर परिचारिकेकडे जगानें कोणत्या दृष्टीनें पाहिलें याचा बराचसा इतिहास उलगडतो.

नाइटिंगेलबाईंच्या आधीं लंडनच्या इस्पितळांत रोग्यांजवळ राबणारी बाई म्हणजे मोलकरणीचाच एक प्रकार, असें लोक समजत. १८४३-४४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ या कादंबरींत मिसेस गँप नांवाची एक मद्यपी शुश्रूषा करणारी बाई आहे. ती वाचकांना इतकी ओळखीची वाटली कीं, तिचें नांव त्या धंद्यालाच चिकटलें. पुढें क्रिमियाच्या युद्धांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं केलेल्या सेवेबद्दल कृतज्ञता म्हणून इंग्लंडांत वर्गणी जमली. ती सुमारें ४४ हजार पौंडांवर गेली. त्या निधींतून १८६० सालीं सेंट टॉमस इस्पितळांत परिचारिकांची शाळा निघाली. त्याच इस्पितळांतील जॉन साउथ या वरिष्ठ शस्त्रवैद्यानें मात्र १८५७ सालींच एक पुस्तिका लिहून, परिचारिकेचें काम घरकामाच्या बाईसारखेंच असल्यामुळें तिला निराळ्या शिक्षणाची जरूर नाहीं, असें मत मांडलें होतें.

पहिल्या तुकडींत १५ उमेदवार स्त्रिया घेण्यांत आल्या. वय २५ ते ३५ च्या दरम्यान असावें, प्रकृति निकोप असावी आणि वर्तणुकीचा भरंवशाचा दाखला असावा, अशा अटी होत्या. शिक्षण एक वर्षाचें. राहणें, जेवण व गणवेष फुकट, शिवाय वर्षाला १० पौंड हातखर्चाला. निवड मेट्रन मिसेस वॉर्ड्रोपर यांच्या हातीं असे. दाखल झाल्यानें कसोटी संपत नसे. वक्तशीरपणा, शांत स्वभाव, विश्वासूपणा, टापटीप या गुणांची नोंद दरमहा एका तक्त्यांत होई, आणि वागणुकींत खोट दिसतांच उमेदवाराला घरचा रस्ता दाखविला जाई. म्हणजे या दारावर शील आधीं आणि विद्या मागाहून, असा क्रम होता. आजच्या वाचकाला हा जाच वाटेल. परंतु ज्या धंद्याची अब्रूच गेली होती, त्याला ती परत मिळवून देण्याचा दुसरा मार्ग त्या काळांत सांपडणें कठीण होतें.

शील पाहणाऱ्या दाराला माणसाचा रंग दिसत नाहीं, असें मात्र नव्हे. याचा प्रत्यय अमेरिकेंत येतो. बोस्टन येथें स्त्रिया व मुलें यांच्यासाठीं स्त्री-डॉक्टरांनींच चालविलेलें एक इस्पितळ होतें, आणि तेथें १८७२ पासून परिचारिकांना पद्धतशीर शिक्षण मिळूं लागलें होतें. याच इस्पितळांत मेरी माहोनी नांवाची एक कृष्णवर्णीय स्त्री अनेक वर्षें स्वयंपाक, धुणें व झाडलोट करी, आणि प्रसंग पडेल तेव्हां परिचारिकांना हातभार लावी. तिचे आईबाप मूळचे गुलाम. ते मुक्त होऊन उत्तरेंत आलेले. १८७८ सालीं, वयाच्या ३३ व्या वर्षीं, तिला त्या शाळेंत प्रवेश मिळाला. शिक्षण १६ महिन्यांचें आणि दिवसाचें काम पहांटेपासून रात्रीपर्यंतचें. तिच्याबरोबरच्या बहुतेक जणी मधेंच गळाल्या. माहोनी १८७९ सालीं उत्तीर्ण झाली. अमेरिकेंत रीतसर शिक्षण पुरें करणारी ती पहिली कृष्णवर्णीय परिचारिका होय.

ज्या इमारतीची फरशी तिनें पुसली, त्याच इमारतींतील शाळेचा उंबरठा ओलांडावयास तिला इतकीं वर्षें लागलीं, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं. एक दार उघडल्यानें सगळीं उघडलीं, असेंहि झालें नाहीं. १९०८ सालीं कृष्णवर्णीय परिचारिकांना आपली निराळी राष्ट्रीय संस्था काढावी लागली. मुख्य संस्थेनें त्यांना सभासद करून घेतल्यावर १९५१ सालीं ती निराळी संस्था विसर्जित झाली. माहोनी त्याआधींच, १९२६ सालीं, वारली होती.

पुण्याच्या दारावर अडथळा होता तो रूढीचा. रोग्याचें मलमूत्र काढणें, परक्याच्या अंगाला हात लावणें, रात्रपाळीला घराबाहेर राहणें, हीं कामें उच्चवर्णीय हिंदु कुटुंबांत कमीपणाचीं गणलीं जात. बाळंतपण हें सुइणीचें काम. आणि सुईण कितीहि कुशल असली तरी तिला ओसरीच्या आंत मान नसे. त्यामुळें इस्पितळांतील परिचारिका बहुधा ख्रिस्ती किंवा अँग्लो-इंडियन असत. दुसऱ्या बाजूला, ज्यांना पोटापुरता धंदा हवा होता अशा विधवा व परित्यक्ता शेंकडों घरांच्या माजघरांत दुसऱ्यांच्या अन्नावर दिवस काढीत होत्या. काम करणारे हात होते आणि काम वाट पाहत होतें. मधें उंबरठा होता.

१९०९ सालीं रमाबाई रानडे यांनीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्यानें पुण्यांत सेवासदन काढलें. रमाबाईंचें लग्न अकराव्या वर्षीं झालें तेव्हां त्यांना अक्षरओळखहि नव्हती. पति महादेव गोविंद रानडे यांनीं त्यांना शिकविलें, आणि त्यापायीं घरांतील बायकांचे टोमणे त्यांनीं सोसले. म्हणूनच शिकूं पाहणाऱ्या बाईला नेमकी कोठें ठेंच लागते, हें त्यांना ठाऊक होतें. सेवासदनानें प्रौढ स्त्रियांसाठीं प्राथमिक वर्ग चालविले, शुश्रूषा शिकूं इच्छिणाऱ्यांना ससून रुग्णालयांत शिक्षणाची सोय करून दिली, आणि त्यांच्या राहण्यासाठीं वसतिगृह ठेवलें. या वसतिगृहाचें महत्त्व मोठें आहे. मुलगी कोठें राहते, कोणाच्या देखरेखीखालीं राहते, या प्रश्नाला त्यानें उत्तर दिलें; आणि तें उत्तर मिळाल्यावांचून कोणताहि बाप किंवा दीर संमति देणारा नव्हता. रमाबाई १९२४ सालीं निवर्तल्या, तोंवर परिचारिका होणें हा पुण्याच्या कुलीन घरांत निदान बोलण्याजोगा विषय झाला होता.

तरीहि देशाची गरज फार मोठी होती. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालांत हिंदुस्थानांत परिचारिका अवघ्या ७ हजार, म्हणजे ४३ हजार लोकांमागें एक, असा हिशेब दिलेला आहे. पूर्ण शिक्षित परिचारिका खेड्याखेड्यांत पोंचावयास पिढ्या लागल्या असत्या. म्हणून स्वातंत्र्यानंतर सहाय्यक परिचारिका-प्रसाविका असा निराळा शिक्षणक्रम आंखण्यांत आला, आणि १९५१ सालीं पंजाबांतील तरणतारण येथील सेंट मेरी रुग्णालयांत तो सुरू झाला. मुदत दोन वर्षांची, शिक्षण देशी भाषेंतून, आणि प्रवेशाला सात इयत्तांचें शिक्षण पुरे. खेड्यांतील मुलीला पेलेल असाच हा उंबरठा होता. १९७७ च्या सुमारास ही अट मॅट्रिकपर्यंत चढली. २०१२-१३ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमांत ती बारावीवर गेली.

अट चढली म्हणून खेद करण्याचें कारण नाहीं. लस टोंचणें, बाळंतिणीची तपासणी करणें, नोंदी ठेवणें या कामांत चूक झाली तर जीव जातो, आणि शिक्षण वाढलें कीं मानहि वाढतो. परंतु उंबरठा चढतो तेव्हां बाहेर राहणारी मुलगी बहुधा तीच असते, जिच्या वाडीला परिचारिकेची सर्वांत अधिक गरज आहे. या पेंचांतून सुटण्याचा मार्ग सेवासदनानें घालून दिलेला आहे. त्यानें ससूनच्या अटी सैल करण्याची मागणी केली नाहीं. त्या अटींपर्यंत पोंचावयाला प्रौढ स्त्रियांच्या वर्गाची एक पायरी बांधली आणि वसतिगृहाची दुसरी. शाळेचा उंबरठा उंच असावा हें योग्यच. मात्र त्याच्याखालीं पायऱ्या बांधणें हें ज्यानें तो उंच केला त्याचेंच कर्तव्य ठरतें.