बोटांखालचं शुद्धलेखन

१७८५ च्या सुमारास पॅरिसमध्ये व्हॅलेंतिन आऊई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली आणि त्यांच्या हाती पुस्तक दिलं. नेहमीचीच रोमन अक्षरं, फक्त कागदावर उठाव देऊन छापलेली. अंध मूल वाचू शकतं हेच ज्या काळात कुणाला पटत नव्हतं, त्या काळात हे पाऊल फार मोठं होतं. पण ती अक्षरं डोळ्यांसाठी घडलेली होती. त्यांची वळणं डोळा क्षणात टिपतो, बोटाला मात्र एकेका अक्षराची कड चाचपत जावं लागे. पुस्तकं जाडजूड आणि वाचन संथ. लिहिणं तर मुलांच्या हाती जवळपास नव्हतंच. ज्याला वाचता येतं पण लिहिता येत नाही, तो वर्गात फक्त ऐकणारा उरतो.

याच शाळेत १८१९ मध्ये दहा वर्षांचा लुई ब्रेल दाखल झाला. वडील घोड्यांचं चामडी सामान बनवत. त्यांच्या कारखान्यात खेळताना डोळ्याला आरी लागली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला आणि लहानपणीच दृष्टी गेली. लुई तिथे शिकत असतानाच शार्ल बार्बिये या तोफखान्यातल्या माजी अधिकाऱ्याची टिंबांची लिपी शाळेपर्यंत पोचली. रेषेऐवजी टिंब वापरण्याची त्यांची कल्पना अस्सल होती, कारण टिंब बोटाला चटकन कळतं. पण तिच्यात दोन उणिवा होत्या. एका खुणेत बारा टिंबांपर्यंत जागा असल्यामुळे ती बोटाच्या टोकाखाली एकदम मावत नसे. दुसरी उणीव मला अधिक महत्त्वाची वाटते. ती लिपी उच्चारांची होती. शब्द कानाला जसा ऐकू येतो तसा लिहायचा. वर्णलेखन, विरामचिन्हं यांना तिच्यात जागाच नव्हती. अंध माणसाला निरोप वाचता आला की पुरे, एवढीच अपेक्षा त्यामागे होती.

पंधरा वर्षांच्या लुईला ते पुरेसं वाटलं नाही. १८२४ पर्यंत त्याने बारांची सहा टिंबं केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबं, त्यातून ६३ खुणा. प्रत्येक खूण एका बोटाच्या टोकाखाली सामावणारी. आणि प्रत्येक खूण उच्चाराची नव्हे, तर अक्षराची. डोळस मुलं जे शुद्धलेखन शिकतात तेच आपणही शिकू, स्वल्पविरामासकट, हा त्याचा आग्रह होता. १८२९ मध्ये ही लिपी पुस्तकरूपाने आली. पुढे त्याच शाळेत शिक्षक झालेल्या ब्रेलने अंकांची आणि संगीताचीही टिंबं बसवली.

शाळेने मात्र तिचं स्वागत केलं नाही. १८४० च्या दशकात तिथले प्रमुख द्युफो यांनी तिच्यावर बंदी घातली. डोळस शिक्षकांना न वाचता येणारी लिपी मुलांना इतरांपासून तोडेल, अशी तेव्हा भीती होती. मुलं चोरून लिहीत राहिली. १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या समारंभात या लिपीचं जाहीर प्रात्यक्षिक झालं आणि विरोध मावळू लागला. लुई ब्रेल १८५२ मध्ये गेला, फ्रान्सची अधिकृत मान्यता १८५४ मध्ये आली. शिक्षकाला अवघड वाटतं म्हणून विद्यार्थ्याचं साधन काढून घेण्याची सवय तेव्हापासूनची आहे, आणि ती गेली आहे असं मला म्हणवत नाही.

भारतात अंधांची शाळा १८८७ मध्ये अमृतसरला सुरू झाली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी शाळा काढली. तीच पुढे दादरची अंधशाळा म्हणून ओळखली गेली. शाळा निघत गेल्या, पण लिपी एक नव्हती. ओरिएंटल ब्रेल, शार्प ब्रेल, शिरेफ ब्रेल, म्हैसूर ब्रेल, नीळकंठराय ब्रेल अशा कितीतरी पद्धती देशात एकाच वेळी चालू होत्या. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेचं पुस्तक वाचता येत नसे. मुळात वाचक थोडे, त्यांचेही असे तुकडे झालेले. मग छापणार कोण आणि किती?

हा गुंता सोडवायला स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने युनेस्कोची मदत मागितली. गॅलिपोलीच्या लढाईत दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे क्लुथा मॅकेंझी त्या कामात पुढे होते. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली, आणि त्याच वर्षी देहरादूनला मध्यवर्ती ब्रेल छापखाना सुरू झाला. भारती ब्रेलचं तत्त्व असं की आवाज एक तर टिंबंही एक. मराठीचा 'क', बंगालीचा 'क' आणि तमिळचा 'क' बोटाला एकच लागतो.

मराठी या सहा टिंबांत कशी बसते, हे सांगण्यासारखं आहे. 'आ' हा स्वर आणि काना यांना एकच खूण. मात्रा वर नाही, उकार खाली नाही, सगळं एका ओळीत. कागदावर 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते; ब्रेलमध्ये आधी 'क', मग 'इ', म्हणजे उच्चाराच्याच क्रमाने. जोडाक्षरात हलन्ताची खूण व्यंजनाच्या आधी येते, त्यामुळे पुढचं अक्षर अर्धं आहे हे बोटाला आधीच कळतं. 'मऊ' लिहायचं तर 'म' नंतर 'अ' घालावा लागतो, नाहीतर तो 'मू' होईल. आणि ऱ्हस्व-दीर्घ पूर्ण शाबूत राहतात. 'सुत' म्हणजे मुलगा आणि 'सूत' म्हणजे धागा, हा फरक बोटाला स्वच्छ जाणवतो.

हे लिहायचं पाटी आणि स्टायलसने. कागद पाटीत अडकवून मागून टोचायचा, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहायचं आणि उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. सहा-सात वर्षांचं मूल हे दोन्ही क्रम एकाच वेळी डोक्यात ठेवतं. ज्या शिक्षकाने एकदा स्वतः टोचून पाहिलं आहे, तो त्या मुलाला 'हळू लिहितो' असं पुन्हा म्हणणार नाही.

१९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत आणण्याची योजना सुरू केली. अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी १९९५ चा आणि मग २०१६ चा कायदा आला. नव्या कायद्यात ब्रेल आणि सांकेतिक भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमण्याचं बंधन स्पष्ट लिहिलेलं आहे. मूल आता गावच्या शाळेत भावंडांबरोबर बसतं, आणि ते तिथेच बसायला हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण निवासी अंधशाळेत ब्रेल सगळ्या भिंतींत मुरलेली होती. गावच्या शाळेत ती फिरत्या विशेष शिक्षकाच्या पिशवीतून येते आणि त्याच्याबरोबर निघून जाते. मधल्या दिवसांत मुलाच्या हाती मोबाइल देऊन धडा ऐकवला जातो.

ऐकणं उपयोगाचं आहे, मोठेपणी तर अपरिहार्य. पण पहिली-दुसरीत फक्त ऐकून शिकणाऱ्या मुलाला 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक कुठून कळणार? परिच्छेद कुठे संपला, अवतरणचिन्ह कुठे उघडलं, गणितातला कंस कुठे बंद झाला, हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही. बार्बियेच्या लिपीत जे नव्हतं तेच पुन्हा हरवतं आहे, आणि ते एका पंधरा वर्षांच्या मुलाने दोनशे वर्षांपूर्वी मिळवून ठेवलेलं होतं. ब्रेलऐवजी ध्वनिफीत, ही सोय मला मान्य नाही, दोन्ही हवं.

वाचणारे आहेत. २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं, तेव्हा चालू घडामोडी स्वतःच्या बोटांनी वाचण्याची सोय मराठीत पहिल्यांदा नियमित झाली. कायद्याची अडचणही उरलेली नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अंध वाचकांसाठी पुस्तकाचं रूपांतर करणं हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही, आणि याच हेतूच्या माराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी भारतानेच दुजोरा दिला. अडतं ते वेळेवर. एका छापील पाठ्यपुस्तकाचे ब्रेलमध्ये अनेक खंड होतात, आणि ते छापायला वेळ लागतो. पण पुस्तकाची संगणकीय प्रत छपाईच्या आधीच तयार असते. ती छापखान्याबरोबर त्याच दिवशी ब्रेल छापखान्याकडे गेली, तर जूनमध्ये वर्गातल्या सगळ्यांना पुस्तकं वाटताना त्या मुलाचे खंडही त्याच गठ्ठ्यात असू शकतात.