मुंबईचें पाणी जातें कोठें ?

पावसाळ्यांत मुंबईच्या सखल भागांत पाणी तुंबलें, कीं गटारें साफ झालीं नव्हतीं, हें उत्तर प्रत्येकाच्या तोंडीं असतें. तें खोटें नाहीं. पण पुरेंही नाहीं. गटार आरशासारखें स्वच्छ केलें, तरी ज्या समुद्रांत तें रितें व्हावयाचें तोच समुद्र जर त्याच्या तोंडापेक्षां उंच चढून उभा राहिला, तर पाण्यानें जावें कोठें ? दिसावयास साधा असा हा प्रश्न आहे. परंतु मुंबई शहराचा गेल्या अडीचशें वर्षांचा इतिहास त्याच्याशीं निगडित आहे.

आजची मूळ मुंबई ज्या जागीं वसली आहे, तेथें एके काळीं सात बेटें होतीं. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्यें मोठें खिंडार होतें. भरतीचें पाणी त्यांतून आंत शिरे, बेटांमधील सखल प्रदेशावर पसरे आणि ओहोटीबरोबर माघारी जाई. वस्त्यांच्या नांवांनीं ही आठवण अजून जपून ठेविली आहे. पायधुणी म्हणजे पाय धुण्याची जागा. खाडीचें उथळ पाणी तुडवून आलेला वाटसरू तेथें पाय धूत असे, असें परंपरा सांगते. उमरखाडीच्या नांवांत तर खाडी उघडच दिसते.

गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीच्या अखेरीस, म्हणजे १७८४ च्या सुमारास, हें खिंडार बांध घालून बंद करण्यांत आलें. हाच तो प्रसिद्ध हॉर्नबी वेलार्ड; आजचा लाला लजपतराय मार्ग त्याच्यावरूनच जातो. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शीवचा आणि १८४५ सालीं माहीमचा बांधरस्ता झाला. सात बेटांचें एक बेट बनलें. खाजणाच्या जागीं भातशेती आली. शेतीमागून गिरण्या, चाळी आणि आगगाडीचे रूळ आले. मुंबईचा जो उत्कर्ष झाला, त्याचा पाया या बांधांनीं घातला यांत शंका नाहीं.

मात्र बांधानें समुद्र अडला, जमीन उंचावली नाहीं. बांधाच्या आंतील पुष्कळशी भूमि मोठ्या भरतीच्या पातळीहून खालींच राहिली. खारें पाणी आंत येईनासें झालें. परंतु आकाशांतून पडणारें पाणी आंतच पडत होतें. त्याच्यासाठीं बांधाला दारें ठेवावीं लागलीं. ओहोटीला तीं उघडावयाचीं, भरतीला मिटावयाचीं. दारें मिटलेलीं असतील तेवढे तास पाणी कोठें राहत असे ? तें त्याच सखल मोकळ्या प्रदेशावर पसरून राही. इंग्रज या प्रदेशाला ‘फ्लॅट्स’ म्हणत. कोणी तशी योजना केलेली नव्हती. परंतु हा प्रदेश म्हणजे शहराच्या पावसाच्या पाण्याची जणूं धर्मशाळाच होता. पाणी येई, समुद्राचें दार उघडेपर्यंत थांबे आणि मग निघून जाई.

ही धर्मशाळा बंद होण्यास कारणही तसेंच घडलें. शहर वाढलें तसें त्याचें सांडपाणी आणि मैला मोठ्या गटारानें याच प्रदेशाकडे वाहूं लागला. हेन्री कॉनिबिअर या इंजिनियरानें १८५२ सालीं मुंबईच्या आरोग्यस्थितीवर अहवाल लिहिला. त्याच्याच योजनेनुसार विहार तलाव बांधला जाऊन १८६० सालीं त्याचें पाणी शहरास मिळूं लागलें. पिण्याचें पाणी विपुल झालें. पण तें वापरून झाल्यावर बाहेर कसें जावें, याची व्यवस्था त्याच वेगानें झाली नाहीं. फ्लॅट्सवर घाण सांचली आणि दुर्गंधीनें लोक हैराण झाले. जागा भरून काढणें हाच उपाय अधिकाऱ्यांना सुचला. गांवचा केरकचरा टाकून टाकून ती सखल जमीन वर आणण्यांत आली आणि तिच्यावर वस्ती उठली.

हीच गति गांवांतल्या तळ्यांची झाली. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक हीं नांवें ट्रॅम गेल्यानंतरही लोकांच्या तोंडीं राहिलीं आहेत. पण त्या ठिकाणीं तळें शोधूं जाणाऱ्यास तें सांपडावयाचें नाहीं. गोवालिया टँक बुजून जें मैदान झालें, तेथेंच १९४२ च्या ऑगस्टांत ‘चले जाव’ची घोषणा झाली. डॉ. बेंटली यांनीं १९११ सालीं मुंबईंतील हिंवतापाच्या कारणांचा शोध केला आणि उघड्या पाण्यांतला डांस हा नगरपालिकेचा शत्रु ठरला. तळीं बुजविणारांस आज मूर्ख म्हणणें सोपें आहे. परंतु त्यांच्या डोळ्यांपुढें तापानें फणफणलेलीं मुलें होतीं. त्यांनीं जें केलें तें जीव वाचविण्यासाठीं केलें. फक्त एक हिशेब मांडावयाचा राहिला : पाण्याला थांबावयास आतां उरलें काय ?

जुन्या गटारांची आंखणी कोणत्या गणितावर झाली होती, तें पाहण्यासारखें आहे. तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडेल आणि त्यांतला सुमारें निम्मा जमिनींत मुरेल, असें तें गणित. एका हेक्टर जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच लक्ष लिटर पाणी. माती असेल तर त्यांतलें सव्वा लक्ष गटाराकडे यावयाचें. त्याच जागीं डांबर आणि सिमेंट अंथरलें म्हणजे जवळजवळ सगळेंच येतें. गटार जुन्याच मापाचें, पाऊसही तेवढाच, पण भार दुप्पट! शिवाय गटारांचीं बहुतेक मुखें भरतीच्या पातळीखालीं आहेत. मोठी भरती आणि मोठी सर एकाच वेळीं आली म्हणजे काय होतें, हें परळ-दादरच्या रहिवाशांस सांगावयास नको.

२६ जुलै २००५ रोजीं तर या सर्व गोष्टी एकदम जुळून आल्या. सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशीं कुलाब्यास अवघा सुमारें ७३ मिलिमीटर पाऊस होता. दुपारीं समुद्राला मोठी भरती होती. विहार आणि पवई या तलावांचें ओसंडलेलें पाणी घेऊन माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी पात्र सोडून घरांत शिरली. विमानतळाच्या धावपट्टीसाठीं तिचा प्रवाह पूर्वींच वळविला होता. खाडीकांठच्या तिवरांच्या जागीं भराव पडून त्यावर वांद्रें-कुर्ला संकुल उभें राहिलें होतें. बेटावर जें शंभर वर्षांत झालें, तेंच उपनगरांत थोड्या दशकांत घडलें होतें. एकट्या शहरांत चारशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं.

१९८५ च्या पुरानंतर गटारांच्या सुधारणेचा अभ्यास हातीं घेण्यांत आला होता आणि १९९३ सालीं त्याचा अहवालही तयार झाला होता. गटारांची शक्ति तासाला ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, भरतीच्या वेळीं पाणी उपसून समुद्रांत टाकण्यास पंप बसवावे, असें त्यांत सुचविलें होतें. त्यांतलें बहुतेक काम २००५ पर्यंत कागदावरच होतें. प्रलयानंतर श्री. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं समितीनें कारणांचा शोध केला आणि मग हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह वगैरे ठिकाणीं पंपघरें झालीं. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत मुंबई उच्च न्यायालयानें तिवरांच्या तोडीस मनाई केली.

तरीही हिंदमाताच्या खोलगट चौकांत पाणी सांचतच राहिलें. शेवटीं २०२१-२२ च्या सुमारास दादर आणि परळ येथील मैदानांखालीं मोठमोठ्या टाक्या खोदण्यांत आल्या. पाऊस जोराचा असतांना पाणी त्यांत घ्यावयाचें आणि भरती ओसरल्यावर सोडून द्यावयाचें, ही त्यामागील योजना. फ्लॅट्स जें काम फुकट करीत होते, तेंच हें काम. आतां त्यासाठीं जमिनीच्या पोटांत जागा करावी लागली. समुद्राच्या पातळीखालीं वसलेल्या हॉलंडांतील रॉटरडॅम शहरानेंही २०१३ सालीं असाच एक चौक बांधला. कोरड्या दिवशीं तेथें मुलें खेळतात. मोठा पाऊस आला म्हणजे तोच चौक तळें होतो आणि कांहीं वेळानें रिता होतो. तळें थोडा वेळच भरलेलें असलें, तर डांसास त्यांत वाढण्यास अवधि मिळत नाहीं; म्हणजे बेंटलींच्या काळची भीतिही येथें लक्षांत घेतलेली आहे.

गृहस्थाच्या अंगणालाही यांत वांटा आहे. मुंबईंत २००२ सालापासून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींस पावसाचें पाणी सांठविण्याची सक्ती आहे. पण इमारतीभोंवतीं जी थोडी माती उरते, ती चिखल नको म्हणून फरशीखालीं झांकण्याचा हौसेचा ठराव सोसायटीच्या सभेंत एकमतानें मंजूर होतो. एका हेक्टरावर पडलेलें ९४४ मिलिमीटर पाणी म्हणजे चौऱ्याण्णव लक्ष लिटर. तें कोणत्याही अंगणांत मुरणार नाहीं, हें खरें. त्यासाठीं नदीचें पात्र, तिवरें आणि मैदानें मोकळींच ठेविलीं पाहिजेत. परंतु दर पावसाळ्यांतल्या नेहमींच्या सरी अंगणाच्या मापाच्या असतात. भरती सुमारें सहा तासांत उतरते. तेवढा वेळ पाणी जर मातींत, टाक्यांत आणि मैदानांत थांबलें, तर तें तळमजल्यावरच्या माणसाच्या घरांत थांबावयास येणार नाहीं.