तालीम आणि ताट : मावळातील बालारोग्याचा पूर्वेतिहास

वडगाव मावळचे ग्रामदैवत पोटोबा महाराज होत. 'आधी पोटोबा, मग विठोबा' ह्या म्हणीतील पोटोबा निराळा आणि ज्याच्या नावाने ह्या गावी उत्सव भरतो तो निराळा, हे सांगावयास नकोच. तरी आरोग्याचा इतिहास लिहावयास बसलेल्या मनुष्यास ह्या नामसाम्याचा मोह आवरत नाही. शिवाय 1779 च्या जानेवारीत ह्याच गावी इंग्रजांच्या फौजेस मराठ्यांपुढे हात टेकावे लागले, त्यासही शस्त्रांइतकेच पोट कारण झाले होते. मराठ्यांनी तळेगाव व आसपासचा मुलूख ओसाड करून दाणावैरण जाळून टाकली होती, आणि उपाशी सैन्य फार दिवस उभे राहत नाही. असो. त्या लढाईची हकीकत पुष्कळांनी लिहिली आहे. आम्हांस ह्या स्मरणिकेच्या पानांतून निराळाच इतिहास सांगावयाचा आहे. मुलांनी पोटभर व नीट जेवावे आणि अंगमेहनतीने सुदृढ व्हावे म्हणून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत ह्या प्रांतातील लोकांनी एकत्र येऊन काय काय केले, त्याचा हा वृत्तांत होय.

ह्या वृत्तांतात एक गोष्ट वारंवार आढळते, ती आरंभीच सांगून टाकणे बरे. व्यायाम आणि अन्न ही वास्तविक जुळी भावंडे. पण आमच्याकडे ती एका घरी वाढली नाहीत. तालीम काढणाऱ्यांनी ताटाकडे फारसे पाहिले नाही, आणि ताट वाढणाऱ्यांस मैदानाची आठवण क्वचितच झाली.

मावळात तालमी जुन्याच. जत्रेत कुस्त्यांचा आखाडा भरावा, जिंकणाऱ्यास नारळ, फेटा अथवा रोख इनाम मिळावे, आणि त्या आशेने गावातील पोरांनी वर्षभर तांबड्या मातीत घुमावे, हा क्रम कोणा सरकारने घालून दिलेला नव्हता. परंतु ह्या तालमीस दोन मर्यादा होत्या. एक, ती मुलग्यांपुरती होती. मुलींच्या वाट्यास फुगडी-झिम्मा आणि पाण्याची घागर. दुसरी, पैलवानाचा खुराक ज्याच्या घरी परवडेल त्याचाच मुलगा पुढे जाई. दूध, तूप, बदाम ही भातशेतीवर पोट भरणाऱ्या कुळाच्या घरची वस्तू नव्हे.

विसाव्या शतकाच्या आरंभी व्यायामास संस्थांचे रूप आले. पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना निघाला. खो-खोसारख्या गल्लीतील खेळास नियमांत बसविण्याचे काम तेथे झाले. अमरावतीस 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या प्रसंगी ह्या मंडळाच्या खेळाडूंनी आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशीयांस करून दाखविली. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव जुम्मादादांच्या आखाड्यात मुलांस हुकमावर संघाने व्यायाम करावयास शिकवीत असत. ह्या माणिकरावांच्या एका शिष्याने पुढे आमच्या मावळात येऊन जे केले, ते थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे मूळ नाव. जग त्यांस स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखते. त्यांचा जन्म 1883 सालचा. माणिकरावांपाशी त्यांनी शरीर कमावले, नर्मदाकाठच्या मालसर येथील परमहंस माधवदासजींपाशी योग शिकला, आणि अमळनेरच्या राष्ट्रीय विद्यालयात अध्यापन केले. 1924 साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम हा आश्रम स्थापिला आणि त्याच साली 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. आश्रम म्हटला की वाचकांच्या डोळ्यांपुढे धुनी व जटा उभ्या राहतात. येथे उभी राहिली ती प्रयोगशाळा. आसन केले असता पोटातील इंद्रियांवर काय परिणाम होतो, श्वास कोंडला असता काय घडते, हे क्ष-किरणांच्या व मापनयंत्रांच्या साहाय्याने पाहावयाचे, आणि जे यंत्रास पटेल ते लिहावयाचे, अशी त्यांची पद्धती होती. त्यांच्या सर्वच निष्कर्षांवर आजच्या वैद्यकाने शिक्का मारला आहे असे नव्हे. पण परंपरेने चालत आलेल्या वस्तूस परीक्षेस बसविण्याचे धैर्य त्यांनी दाखविले, हे मान्य केलेच पाहिजे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांचे खरे महत्त्व निराळे आहे. गुहेत एकट्याने करावयाची विद्या त्यांनी शाळेच्या पटांगणात आणली. 'यौगिक संघ व्यायाम' हे त्यांचे छोटे पुस्तक 1936 साली निघाले. त्यात पन्नास-शंभर मुलांनी एका हुकमावर, एका ठेक्यात करावयाचे सोपे व्यायाम आहेत. साधन नको, खर्च नको. उभे राहावयास जागा व सांगावयास शिक्षक असला की पुरे. 1937 साली मुंबई इलाख्यात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले तेव्हा शारीरिक शिक्षणाविषयी जी समिती नेमण्यात आली, तिचे अध्यक्षपद स्वामींकडे गेले. पुढील वर्षी, म्हणजे 1938 साली, कांदिवली येथे शारीरिक शिक्षकांस तयार करणारी सरकारी संस्था निघाली, आणि तिचे पहिले प्राचार्य पी. एम. जोसेफ हे झाले. ज्या शाळेत पूर्वी कवायतीचा तास म्हणजे निवृत्त हवालदाराचा आरडाओरडा असे, तेथे शिकून आलेला शिक्षक येऊ लागला. लोणावळ्याच्या डोंगरावरील एका आश्रमातून इलाख्यातील शाळांच्या वेळापत्रकापर्यंत ही वाट गेली आहे, हे मावळकरांस सहसा ठाऊक नसते.

त्याच सुमारास औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी आपल्या शाळांतील मुलामुलींस सूर्यनमस्कार घालावयास लाविले. मुलींसही, हे विशेष. आणि त्यांनी आपल्या लिखाणात व्यायामाबरोबर आहाराचाही विचार केला, म्हणून त्या काळच्या व्यायामप्रचारकांत ते आम्हांस वेगळे दिसतात.

आता अन्नाकडे वळू. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन ह्या डॉक्टराने हिंदुस्थानातील निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांस घालून त्यांची वाढ पाहिली. शीख आहारावरील उंदीर सर्वांत धष्टपुष्ट झाले, त्याखालोखाल पठाणी, तिसरे मराठी. मद्रासी भाताच्या आहारावरील सर्वांत किडकिडीत. भातावर जगणाऱ्या मावळास ह्यात शिकण्यासारखे होते. दोष तांदळाच्या जातीचा नव्हे. गिरणीत पॉलिश करताना दाण्यावरील कोंडा निघून जातो आणि त्याबरोबर जीवनसत्त्व 'ब' चा मोठा अंश जातो. शिवाय नुसत्या भातास डाळ, पाला व दूध ह्यांची जोड नसेल तर पोट भरते पण अंग भरत नाही. आमच्या आज्या हातसडीचा तांदूळ आणि नाचणीची भाकरी खात, ती दारिद्र्यामुळे म्हणून आम्ही टाकून दिली. 2023 साल भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने पाळले, तेव्हा तीच नाचणी रंगीत पिशवीत घालून शहरच्या दुकानांतून चढ्या भावाने विकावयास आली!

मुलांच्या अन्नाचा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला तो तालीमवाल्या पुरुषांनी नव्हे, बालवाडीतील स्त्रियांनी. ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी 1945 साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले, आणि 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांत नेले. गावातील बालवाडीत गरीब वस्तीची मुले येत नाहीत असे दिसताच ताराबाईंनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली, हीच अंगणवाडी. तेथे मूल प्रथम स्वच्छ व्हावयाचे, मग खावयाचे, मग गाणे, खेळ व शिक्षण. उपाशी व मळकट मुलास अक्षर शिकविण्याचा खटाटोप त्या बायांनी केला नाही. व्यायाम व अन्न ही भावंडे एका अंगणात आलेली आम्हांस प्रथम येथेच दिसतात.

मध्यंतरी परदेशी मदतीचा काळ येऊन गेला. कॅथोलिक रिलीफ सर्व्हिसेस ही संस्था 1946 पासून आपल्या देशात काम करीत आहे. अमेरिकेतून आलेली दुधाची भुकटी व धान्य तिच्यासारख्या संस्थांमार्फत पुष्कळ ठिकाणी मुलांच्या मुखी पडले. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात सुकडी वाटली गेली. तिची चव त्या पिढीतील लोक अद्याप विसरलेले नाहीत. ह्या मदतीने जीव वाचले. पण आगबोटीतून येणाऱ्या अन्नाने गावास स्वयंपाक शिकविला नाही, हेही तितकेच खरे.

2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि ताराबाईंचा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. 15 ऑगस्ट 1995 पासून प्राथमिक शाळांतील मुलांसाठी पोषण आहार आला. आरंभी आमच्याकडे तो दरमहा 3 किलो तांदळाच्या रूपाने घरी जाई, आणि घरात गेलेला तांदूळ त्याच मुलाच्या पोटात जाईल ह्याची हमी कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली शिजविलेले अन्न देण्याची आज्ञा केली, त्यानंतर शाळेच्या पडवीत चुली पेटल्या व खिचडीचा वास वर्गात येऊ लागला. लहान वर्गांतील मुलास 100 ग्रॅम व वरच्या वर्गांतील मुलास 150 ग्रॅम धान्य, त्याबरोबर डाळ व भाजी, असे त्याचे प्रमाण ठरले. खेड्यांतून हे अन्न पुष्कळ ठिकाणी बचत गटांच्या बायाच रांधतात. ज्या गावी त्यांच्या परड्यातील शेवगा व पालेभाजी त्या पातेल्यात पडते, तेथील खिचडी मुले मागून घेतात.

इतके होऊनही 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर मुलांपैकी सुमारे 35 वयाच्या मानाने खुजी आढळली. एकीकडे ही खुजी मुले, आणि दुसरीकडे हमरस्त्यालगतच्या गावांतून वेफर्सची पुडी व गोड बाटली हाती घेऊन पडद्यापुढे बसलेली मुले. पुष्कळदा दोन्ही एकाच आळीत राहतात. लोणावळ्याची चिक्की सगळा मुलूख घेऊन जातो, पण शेंगदाणे व गूळ हे पुडीपेक्षा किती तरी बरे खाणे आहे, हे आमच्याच मुलांस सांगावे लागते!

जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे असे की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने दररोज सरासरी 60 मिनिटे तरी दम लागेल इतकी हालचाल करावी. मावळात ह्यास मोठी अडचण पावसाची. लोणावळ्यास पुष्कळ वर्षी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर मैदानाचे तळे झालेले असते, आणि शाळेचा खेळाचा तास गणिताच्या घशात जातो. अशा वेळी छपराखाली पन्नास मुलांस उभे करून करावयाचा संघ-व्यायाम ह्याहून सोयीचा काय आहे? ज्या भूमीत त्याचे पुस्तक तयार झाले तेथेच तो विसरला जावा, ह्याचे आम्हांस नवल वाटते. आणि छपरे काही कमी नाहीत: शाळेचा व्हरांडा, देवळाचा सभामंडप, धर्मग्रामाचे सभागृह. ह्यांपैकी पुष्कळ जागा लग्ने व वार्षिक सभा सोडल्या तर कुलुपात असतात.

सप्टेंबर महिना 2018 पासून पोषण महिना म्हणून पाळला जातो. पाऊस ओसरू लागलेला असतो, अंगणवाडीच्या ताई रानभाज्यांची व नाचणीच्या पदार्थांची ताटे मांडून आयांस दाखवितात. त्याच महिन्यात भात पोटरीस येतो आणि मैदाने सुकू लागतात. ज्या दिवशी ताटे मांडावयाची त्याच दिवशी, त्याच अंगणात, मुलामुलींचा खो-खोचा डाव आखावयास चुन्याची चार बोटे पुरतात.