2008 चा सप्टेंबर आणि मेलेली नेटवर्क कार्डं

मंडळी, लिनक्सला नेटवर्क कार्ड सापडत नाही म्हटलं की आपण काय करतो? एलएसपीसीआय चालवतो, डीमेसेज वाचतो, ड्रायव्हर परत टाकतो, नाहीच जमलं तर सगळी सिस्टिम नव्याने बसवतो. सप्टेंबर 2008 मध्ये यातलं काहीच कामाला येत नव्हतं.

तेव्हा कर्नल 2.6.27 च्या चाचणी आवृत्त्या फिरत होत्या. त्या चालवणाऱ्या काही मशीनवर इंटेलचं वायरवालं कार्ड अचानक बंद पडायला लागलं. ड्रायव्हर ई1000ई. तक्रार एकच: एनव्हीएमचा चेकसम चुकीचा. एनव्हीएम म्हणजे कार्डची छोटीशी कायमची मेमरी, मॅक अ‍ॅड्रेस वगैरे तिथेच असतो. त्यात कचरा शिरला की ड्रायव्हर कार्ड सुरूच करत नाही. रीबूट करा, फॉरमॅट करा, कचरा तिथेच! सॉफ्टवेअरच्या बगने हार्डवेअर मरावं, याने मला तरी अजून धडकी भरते. उबुंटूने चाचणी आवृत्तीत हा ड्रायव्हरच बंद करून टाकला.

पहिला संशय अर्थातच ई1000ई वर. मग ग्राफिक्सवर. इंटेलवाल्यांनी एनव्हीएमला कुलूप घातलं, आणि 9 ऑक्टोबरला 2.6.27 त्या कुलपासकट आलं. चोर मात्र मोकळाच होता.

तो निघाला एफट्रेस, म्हणजे कर्नलमधली फंक्शन्स कधी चालतात ते टिपणारं नवंकोरं साधन. ते फंक्शनांचे पत्ते लिहून ठेवायचं आणि नंतर तिथे जाऊन कोड बदलायचं. पण मॉड्यूल सुरू करण्यापुरता लागणारा कोड काम झालं की मेमरीतून काढला जातो. 32 बिट मशीनवर ती रिकामी जागा कधी कधी ई1000ई च्या फ्लॅशला मिळायची. भाडेकरू बदलला, एफट्रेसच्या वहीत जुनंच नाव!

तसं ते आधी खात्री करायचं, की जुनाच कोड असेल तर बदल. पण त्यासाठी वापरलेली सीएमपीएक्सचेंज ही प्रोसेसरची सूचना तुलना फसली तरी वाचलेलंच परत लिहिते. साध्या रॅमला याने काय फरक पडणार? फ्लॅशच्या बाबतीत मात्र नुसतं लिहिणं म्हणजेच हुकूम.

2.6.27.1 मध्ये डायनॅमिक एफट्रेस बंद केलं गेलं. ज्यांनी आधीच ‘इथटूल डॅश ई’ने एनव्हीएमची प्रत काढून दुसरीकडे ठेवली होती, त्यांना निदान कार्डात परत काय भरायचं ते ठाऊक होतं.